मायडू लोकांचं जुनं राहणीमान - लेकीच्या प्रोजेक्टसाठी विचारतेय, पण आता मलाच जास्त प्रश्न पडलेत

रोझव्हिलची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही सॅक्रामेंटोच्या जवळ रोझव्हिलला राहतो. इथे कॅलिफोर्नियात चौथीला राज्याचा इतिहास असतो आणि लेकीच्या वर्गात प्रत्येकाला इथल्या मूळ लोकांपैकी एकेक जमात वाटून दिलीय, हिला मायडू मिळालेत. म्हटलं चला बरं झालं, कारण गावातच मायडू म्युझियम आहे, मागे ओकच्या झाडांतून पायवाट जाते आणि तिथे सपाट खडकात चक्क उखळं आहेत, शेजारच्या दगडांवर जुन्या कोरलेल्या खुणा आहेत. लेक तिथून हलायलाच तयार नव्हती.

आता अडचण अशी की मुलांसाठीची जी पुस्तकं लायब्ररीत मिळाली त्यात सगळीकडे त्याच तीन ओळी. एकॉर्न खायचे, सालीच्या झोपड्यांत राहायचे, टोपल्या विणायचे. झालं, संपले मायडू. अहो पण एकॉर्न म्हणजे ओकचं ते टोपीवालं फळ ना, ते आमच्या अंगणात ढीगभर पडतं, मी एकदा चावून बघितलंय, जीभ आवळून येते, इतकं कडूजहर माणूस रोज खाणार कसं? आणि घरं कशी होती, लग्नंबिग्नं, मेल्यावर काय करायचे, सण काय (हा सासूबाईंचा प्रश्न, पुण्याहून व्हिडिओ कॉलवर, "सण नाहीत असे लोक जगात नसतात" म्हणाल्या), आणि आता हे लोक कुठे आहेत? नवरा म्हणतो अगं शिकार करून फिरणारे लोक, मिळेल ते खायचे, त्यात एवढं काय लिहिणार. मला काही ते पटेना. इथे कोणी त्या भागात राहणारं किंवा वाचलेलं असेल तर जरा सविस्तर सांगा ना, लिंका नकोत, तुमच्या शब्दांत सांगा.

---

चिकोचा_बाबू

ताई, मी वरती चिकोला असतो, म्हणजे तुमच्यापासून दीड तासावर, आणि हे सगळं मायडूंचंच गाव, आमची युनिव्हर्सिटीसुद्धा मेचूपदा मायडूंच्या जमिनीवर उभी आहे. तेव्हा थोडं लांबलचक लिहितो, सहन करा.

आधी एक गोष्ट लेकीला नीट लिहायला सांगा. मायडू म्हणजे एकच टोळी नाही. सिएरा नेवाडाच्या उत्तर टोकाला, फेदर नदी आणि अमेरिकन नदीच्या खोऱ्यांत तीन गट होते: वर डोंगरात, आताच्या प्लुमास आणि लासेन काउंटीत, माउंटन मायडू. पायथ्याला चिको-ओरोव्हिलच्या बाजूला कॉनकाव. आणि खाली दक्षिणेला निसेनान. तिघांच्या भाषा एका घराण्यातल्या पण वेगळ्या. तुमचं रोझव्हिल निसेनान भागात येतं, म्हणजे म्युझियमचं नाव मायडू असलं तरी ती उखळं निसेनान बायकांची. आज बरेच निसेनान स्वतःला मायडू म्हणवून घेत नाहीत, निसेनानच म्हणतात, तर तेवढं भान ठेवलेलं बरं.

आता एकॉर्न. हा तर मुख्य विषय, बाकी सगळं ह्याच्याभोवती फिरतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळं पिकली की अख्खी वस्ती बाहेर पडायची, पोरं आणि पुरुष झाडावर चढून काठ्यांनी झोडपायचे, बायका आणि मुलं खाली वेचून पाठीवरच्या मोठ्या निमुळत्या टोपल्यांत भरायची, टोपलीचा पट्टा कपाळावरून घेतलेला. सगळ्या ओकचं फळ सारखं नसतं. डोंगरात ब्लॅक ओक सगळ्यात आवडता, कारण त्यात तेल जास्त. आणि झाड दरवर्षी सारखं फळत नाही, एक वर्ष भरभरून तर पुढलं वर्ष कोरडं, म्हणून साठवण लागायची. घराबाहेर उंचावर फांद्या-गवताची कणगी करायची आणि त्यात भरून ठेवायचं.

खायच्या वेळी फळ दगडाने फोडायचं, आतली तांबडी साल पाखडून काढायची, मग ते तुम्ही बघितलेलं उखळ. तिथे चार-पाच उखळं जवळजवळ असतात बघा, कारण बायका एकत्र बसून कांडायच्या, गप्पा, गाणी, पोरं आसपास. पीठ सपाट टोपलीत घेऊन हलवायचं, बारीक चिकटून राहतं, जाड घरंगळतं ते परत उखळात. उखळाच्या कडेचं पीठ झाडायला सोपरूट नावाच्या कांद्याच्या तंतूंचा छोटा ब्रश. तोच कांदा कुटला की फेस येतो म्हणून अंगाला-केसाला लावायचा, आणि डोहात टाकला की मासे गुंगून वर येतात. एका कांद्यात ब्रश, साबण आणि मासेमारी.

आता कडूपणा. तो टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याचा. ओढ्याकाठी वाळूत परातीएवढा उथळ खड्डा करायचा, त्यात पीठ पसरायचं, वर सीडरच्या किंवा फरच्या डहाळ्या ठेवायच्या म्हणजे पाण्याची धार थेट पिठावर पडून खळगा होत नाही, आणि पाणी ओतत राहायचं, पुन्हा पुन्हा, आधी गार मग कोमट, चाखून बघायचं, कडू लागत नाही तोवर. मग वरचं स्वच्छ पीठ अलगद उचलायचं, वाळूला लागलेलं वेगळं धुवायचं.

आणि शिजवायचं कशात, तर टोपलीत! भांडी नव्हती, मडकी करत नसत. टोपली इतकी घट्ट विणलेली की पाणी गळत नाही. तिच्यात पीठ आणि पाणी, दगड विस्तवात लाल करायचे, दोन काठ्यांनी उचलून पटकन पाण्यात बुचकळून राख धुवायची आणि टोपलीत सोडायचे, आणि सतत ढवळत राहायचं, नाहीतर टोपलीचं बूड करपतं. बघता बघता रटरट शिजतं. पातळ केलं की पेज, घट्ट केलं की गोळा, आणि पानांत गुंडाळून जमिनीतल्या भट्टीत भाजली तर भाकरी. मीठ नाही. चवीला वाळवलेला मासा किंवा मांस सोबत.

बाकी लेकीला दमाने लिहायला सांगा, सगळं एका पानात बसत नाही 🙂

---

मोखाडा_मित्र

वा बाबूशेठ, मजा आली वाचून. मी इकडे जव्हार-मोखाड्याच्या बाजूला शाळेत आहे. आमच्याकडे वारली आणि कातकरी बायका कडूकंद असाच खाण्याजोगा करतात, चकत्या करायच्या, राख घालून उकळायच्या आणि मग टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवून द्यायच्या, सकाळी कडूपणा गेलेला. दोन्हीकडे वाहतं पाणीच कामाला आलं, आणि एकमेकांचा काही संबंध नसताना! बाई, तुमच्या लेकीला हे सांगा, मराठी पोरगी म्हणून तिच्या प्रोजेक्टात हे दुसऱ्या कोणाकडे नसेल.

माझा प्रश्न: एवढं सुपीक खोरं, नद्या, तरी शेती का केली नाही ह्यांनी? मेक्सिकोत मका होताच ना.

---

शंकासुर

कारण गरज नव्हती, दुसरं काय. नद्यांत मासे, रानात हरणं, झाडाला एकॉर्न. रोझव्हिलताई, तुमचे मिस्टर अगदी चुकीचं बोलत नाहीयेत, शिकारी आणि वेचे लोकच होते ते. हल्ली काय झालंय की आदिवासी म्हटलं की सगळे लगेच भावुक होतात, निसर्गाशी एकरूप वगैरे वगैरे. माणसं होती, मिळेल ते खायची आणि जगायची. आणि आपसात मारामाऱ्यापण करायची, तेही लिहा की.

---

हिरवा_टिपूर

शंकासुरभाऊ, मारामाऱ्यांचं मान्य, पण "मिळेल ते खायची" ह्यावर जरा थांबा. मी डेव्हिसला वनशास्त्र शिकतोय आणि हा माझा आवडता वादाचा विषय आहे.

नांगर धरला नाही म्हणून जमीन कसली नाही असं होत नाही हो. मायडूंचं मुख्य अवजार होतं आग. शरद ऋतूत फळं वेचून झाली, गवत वाळलं की ओकच्या राईखाली जमिनीलगतची हलकी आग लावायची, कमरेच्या वर न जाणारी. ह्याने काय व्हायचं बघा: पडलेल्या किडक्या फळांतल्या अळ्या मरायच्या म्हणजे पुढच्या वर्षी कीड कमी, झुडपं साफ झाल्यामुळे खालचं फळ दिसायचं नि वेचता यायचं, जळलेल्या जागी कोवळं फुटायचं त्यावर हरणं यायची, आणि सुका कचरा साठत नसल्यामुळे मोठा वणवा पेटायला इंधनच उरायचं नाही. जुन्या ओकला हलकी आग काही करत नाही. गोऱ्या लोकांनी पहिल्यांदा हे खोरं बघून लिहून ठेवलं की बागेसारखं दिसतं, मोकळी झाडी, खाली गवत. अहो ती बागच होती, माळी तुम्हाला दिसला नाही एवढंच.

तेच टोपल्यांचं. रोझव्हिलताई, टोपली विणायला सुरुवात विणण्यापासून होत नाही, एक वर्ष आधी होते. रेडबड नावाचं झुडूप आहे, वसंतात गुलाबी-जांभळं फुलतं, तुमच्याकडे रस्त्याच्या कडेला लावलेलं पण असेल. तसंच सोडलं तर त्याच्या फांद्या वाकड्यातिकड्या आणि गाठाळ, विणायला निरुपयोगी. म्हणून थंडीत ते पार खाली छाटायचं किंवा जाळायचं, मग पुढच्या हंगामात सरळ, लांब, बिनगाठीच्या काड्या येतात. एका बऱ्यापैकी टोपलीला अशा शेकडो काड्या लागतात. विलोच्या काड्यांचा आतला गाभा, त्यावर रेडबडची तांबडी साल, डोंगरात मेपल, पांढऱ्या-काळ्या रंगासाठी आणखी दुसरी मुळं, नेच्याचं मूळ काळं करून, असं सगळं हंगामाहंगामाने गोळा करून, चिरून, सोलून, सुकवून ठेवायचं. कुठल्या ओढ्याकाठचं झुडूप कोणत्या घरातल्या बायका छाटतात हे ठरलेलं असायचं. ह्याला रानात सापडलेलं कसं म्हणणार?

मोखाडा सर, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच की शेती केली नाही असं नाही, आपल्याला शेती म्हणून ओळखता आली नाही.

आणि मजा म्हणजे (मजा कसली) १८५० साली कॅलिफोर्नियाच्या पहिल्याच विधिमंडळाने जो "इंडियनांच्या संरक्षणाचा" कायदा केला, ज्याच्या आडून त्यांच्या पोरांना आणि मोठ्यांना वेठबिगारीला लावता यायचं, त्याच कायद्यात रानगवताला आग लावली तर शिक्षा असंही कलम घातलं होतं. पुढे शंभर वर्षं सरकारी वनखात्याने दिसेल ती आग विझवली. त्याचा हिशोब आता चुकतोय. २०१८ चा कॅम्प फायर नावाचा वणवा आठवतोय? पॅरडाइज गाव गेलं, ८५ माणसं गेली, तो कॉनकाव लोकांच्या भागातच पेटला, कॉनकाव नावाचं गावही होरपळलं त्यात. २०२१ चा डिक्सी फायर, साडेनऊ लाख एकरांच्या वर, माउंटन मायडूंच्या मुलखाच्या पार मधून गेला, ग्रीनव्हिल गाव ४ ऑगस्टला एका संध्याकाळीत राख झालं. आग वाऱ्याने, उन्हाळ्याने, विजेच्या तारांनी लागते हे खरं, पण रानात एवढं इंधन साठू कोणी दिलं हा प्रश्न आहेच ना. आता २०२१ नंतर राज्याने कायद्यात बदल करून पारंपरिक पद्धतीने आग लावणाऱ्या आदिवासी जाणकारांवरची जोखीम कमी केलीय, आणि मायडू लोक पुन्हा थोडंथोडं जाळायला लागलेत.

---

शंकासुर

आगीचा मुद्दा दमदार आहे, मानलं. पण मग बाकीचं पण सांगा की. त्यांच्यात मांत्रिक होते, लोक त्यांना टरकून असायचे, कोणी आजारी पडला की अमक्या गावच्या मांत्रिकाने केलं म्हणून गावंच्या गावं भिडायची. श्रीमंत-गरीब पण होतंच. शिंपल्यांच्या मण्यांच्या माळा म्हणजे पैसा, ज्याच्याकडे जास्त त्याची पत जास्त. बाग आणि माळी ह्याने चौथीतली पोरं खूश होतील, पण पूर्ण चित्र येत नाही.

---

चिकोचा_बाबू

शंकासुर म्हणतात ते खोटं नाहीये, आणि लेकीने तेही लिहावं, त्यात कमीपणा काय. मांत्रिकांच्या तर कोण भारी म्हणून चढाओढी व्हायच्या, एकमेकांवर शक्तीचे प्रयोग करायचे. मणी समुद्रावरून यायचे, बोडेगा बेच्या बाजूच्या जाड शिंपल्याचे, गोल कापून भोक पाडून घासून गुळगुळीत केलेले, हातोहात व्यापारात आतपर्यंत पोचायचे. पुढारी मात्र बापाचा मुलगा म्हणून आपोआप होत नसे, ज्याच्याकडे आहे आणि जो सढळ हाताने देतो तो. कंजूष पुढारी टिकायचा नाही. मांत्रिकाने कौल फिरवला की गेली खुर्ची. (आपल्याकडे पण अशी सोय हवी होती, असो.)

घरांचं राहिलं होतं. हिवाळ्यातलं खरं घर म्हणजे गोल, जमीन तीन-चार फूट खणून खाली उतरवलेलं, मध्ये जाड खांब, वर वासे, मग साली आणि गवत आणि सगळ्यावर मातीचा जाड थर. बाहेरून नुसतं टेकाड दिसणार. मध्ये धुराचं भोक. आत तीन-चार कुटुंबं सहज. त्याच पद्धतीचं पण बरंच मोठं एक नाचघर असायचं मोठ्या वस्तीत. साध्या माणसांच्या सालीच्या निमुळत्या खोपटी वेगळ्या. आणि उन्हाळ्यात हे सगळं सोडून डोंगरात वर जायचं, तिथे नुसता फांद्यांचा आडोसा पुरे. वर कंद, बिया, हरणं, खाली शरदात एकॉर्न आणि सामन मासा. म्हणजे भटके नव्हते हो, दरवर्षी त्याच जागा, तेच मार्ग, तीच घरं.

सामन वाळवून, कुटून त्याचा भुगा करून टोपलीत ठेवायचे, तो नुसताच तोंडात टाकायचा. टोळपण खायचे, गवताला चहूकडून आग लावून खड्ड्याकडे हाकायचे आणि भाजून. लेकीला हे सांगा, वर्गात पोरं किंचाळतील. सशांच्या कातड्याच्या पट्ट्या पिळून त्यांची विणलेली घोंगडी, हिवाळ्यात हीच. बायकांच्या हनुवटीवर उभ्या रेघांचं गोंदण. केस कापायला निखारा वापरायचे, धरून जाळायचे टोक.

सासूबाईंचा सणांचा प्रश्न. थंडीत खोऱ्यातल्या गावांत नाचघरात मोठे नाच चालायचे, नाचणारे दीक्षा घेतलेले पुरुष, अंगावर पिसं, फ्लिकर नावाच्या सुतारपक्ष्याच्या पिसांचे कपाळपट्टे, आणि मोठा पोकळ लाकडी तक्ता जमिनीत पुरलेला, त्यावर पाय आपटून ठेका. डोंगरात वसंतातला मोठा सण म्हणजे अस्वलनाच. हिवाळा सरला, अस्वल बाहेर आलं, साप बाहेर आले, आता आपण सगळे एकाच रानात वावरणार, तर भांडण नको. एक जण अस्वलाचं कातडं पांघरून येतो, लोक हातात वर्मवुड नावाच्या उग्र वासाच्या रानझुडपाच्या डहाळ्या घेऊन गोल करून नाचतात, मग त्या डहाळ्या अंगावरून फिरवून सगळे ओढ्यावर जातात, तोंड धुतात आणि डहाळ्या पाण्यात सोडून देतात. वर्षभराचं वाईट वाहून गेलं. मेपलच्या सालीच्या झिरमिळ्यांचा झेंडा पण असतो. आणि हे मी "असतो" म्हणतोय कारण हा नाच आजही होतो, सुझनव्हिल-जेन्सव्हिलच्या बाजूला, साधारण जूनमध्ये. बाहेरच्यांनाही येऊ देतात. पण ताई, गेलात तर आधी विचारा आणि नाच चालू असताना मोबाइल खिशात ठेवा, तो कार्यक्रम नाही, प्रार्थना आहे.

---

वाचनमात्र

कधी लिहीत नाही पण राहवलं नाही म्हणून. मेल्यावरच्या विधीबद्दल कोणीच बोललं नाही आणि मला वाटतं मायडूंचं सगळ्यात हेलावणारं तेच आहे. कोणी गेलं की त्याचं नाव घ्यायचं नाही. त्याच्या वस्तू त्याच्याबरोबर जातात, पुरतात किंवा जाळतात. आणि मग शरदात, एकॉर्नच्या सुमारास, गावोगावचे लोक एका ठिकाणी जमून मोठी होळी पेटवायचे, ज्यांच्या घरचं कोणी गेलंय त्यांनी वर्षभर खपून केलेल्या टोपल्या, घोंगड्या, मण्यांच्या माळा उंच खांबांवर टांगायच्या, रात्रभर रडणं, गाणं, आणि मग एकेक वस्तू आगीत, मेलेल्याला तिकडे लागतील म्हणून. शोक करणाऱ्यांना गळ्यात एक मण्यांची दोरी मिळायची ती काही वर्षं वागवायची. रात्र सरली की शोक आवरायचा, खाणं, जुगाराचे खेळ, हसणं. विचार करा, एक चांगली टोपली करायला महिनोन्महिने लागतात आणि सगळ्यात सुंदर टोपली जाळायला करायची. म्युझियमवाले तेव्हा त्या टोपल्या विकत घ्यायला टपून बसलेले असायचे म्हणे, आणि काही बायका विकायला नाही म्हणायच्या.

शिवाय जग कसं झालं ह्याची त्यांची कथा, ही तर चौथीच्या मुलीला आवडेलच. आधी सगळं पाणीच पाणी, त्यावर एक तराफा, तराफ्यावर कासव. वरून पिसांची दोरी सोडून जग घडवणारा उतरतो. कासव म्हणतं मला टेकायला जमीन पाहिजे, मी बुडी मारून माती आणतो. सहा वर्षं कासव खाली! वर येतं तेव्हा अंगभर हिरवं शेवाळ, आणि माती फक्त नखांत अडकलेली. तेवढीच घडवणारा खरवडून घेतो, हातात वळतो, तराफ्यावर ठेवतो, आणि ती वाढत वाढत जग होते. मग येतो कायोटी, म्हणजे तिकडचा कोल्हा म्हणा हवं तर, महा आगाऊ. घडवणाऱ्याच्या मनात माणसं मरू नयेत असं असतं, म्हातारी झाली की पाण्यात शिरायची आणि तरणी होऊन यायची. कायोटी म्हणतो छे, मरण पाहिजे, रडणं पाहिजे, त्याशिवाय काय गंमत. आणि पहिला मरतो तो त्याचाच पोरगा, साप चावून. तेव्हा कायोटी ऊर बडवतो पण शब्द गेलेला असतो. ह्या गोष्टी हिवाळ्याच्या रात्रीच सांगायच्या, उन्हाळ्यात नाही.

युबा सिटीजवळ सपाट खोऱ्यात मध्येच ते सटर ब्यूट्सचे डोंगर उभे आहेत ना, हायवेवरून दिसतात, मेलेल्यांचे आत्मे तिथून वर जातात असं मानतात. रोझव्हिलच्या बाईंनी कधीतरी त्या बाजूने जाताना लेकीला दाखवावेत.

---

रोझव्हिलची_आई

अरे देवा, किती किती लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. कासवाची गोष्ट वाचून दाखवली, लगेच प्रश्न आला की सहा वर्षं श्वास कसा धरला. सासूबाईंना अस्वलनाच फार आवडला, म्हणाल्या बघ मी सांगितलं होतं. नवरा आगीची पोस्ट दोनदा वाचून गप्प आहे.

पण मग आता हे लोक कुठे आहेत? लेकीच्या पुस्तकात सगळं "होते, करत, राहत". गोल्ड रशचा धडा वेगळा, त्यात मायडू एका ओळीपुरते. आणि चौथीच्या मुलीला किती सांगावं?

---

चिकोचा_बाबू

ज्या कोलोमाच्या गिरणीत २४ जानेवारी १८४८ ला सोनं सापडलं ती निसेनानांच्या जमिनीवर होती, आणि गिरणीचा मालक सटर, त्याच्याकडे राबणारे बरेच मजूरही तेच. त्याआधीच १८३३ च्या मलेरियाच्या साथीने खोऱ्यातल्या वस्त्या ओस पडल्या होत्या. सोन्यामागे माणसांचा लोंढा आला, नद्या गढूळ झाल्या, सामन गेला, ओक तोडले, डुकरं सोडली ती एकॉर्न खाऊन गेली, आणि भुकेल्या माणसाने गाय मारली की गोरे गावावर चालून यायचे. १८५१-५२ साली करार केले, जमिनी देऊ म्हणून, वॉशिंग्टनने ते मंजूरच केले नाहीत. १८६३ च्या सप्टेंबरात चिकोहून ४६१ कॉनकाव लोकांना सैनिकांनी हाकत डोंगरापलीकडे राउंड व्हॅलीच्या राखीव वसाहतीत नेलं, शंभर मैल, दोन आठवडे. पोचले २७७. बाकीचे वाटेत आजारी पडले, मागे टाकले, मेले, काही निसटले. आजही दरवर्षी सप्टेंबरात त्यांची नातवंडं-पतवंडं तो रस्ता पायी चालतात. मुलीला एवढे दोन आकडे सांगितले तरी वजाबाकी ती करेल.

आणि आता कुठे आहेत, तर इथेच. चिकोत मेचूपदा, ओरोव्हिलजवळ तीन-चार रँचेरिया (म्हणजे मूळ लोकांच्या छोट्या राखीव वस्त्या), ग्रीनव्हिल, सुझनव्हिल, तुमच्याजवळ ऑबर्न. मेचूपदांची जमात म्हणून असलेली सरकारी मान्यता १९६७ ला काढून घेतली होती, १९९२ ला परत मिळवली. नेवाडा सिटीच्या निसेनानांची १९६४ ला गेली, ते अजून भांडतायत.

---

हिरवा_टिपूर

त्यात धरणांची भर घाला. वर डोंगरात लेक आल्मनोर आहे ना, लोक बोटिंगला जातात, ते १९१४ साली धरण बांधून झालेलं तळं आहे, खाली मायडूंचं मोठं कुरण आणि गावं बुडाली, थडगीसुद्धा. वीज कंपनीसाठी. ओरोव्हिल धरणाखाली पण कॉनकाव वस्त्या गेल्या.

पण एक चांगली बातमी लेकीसाठी. त्याच डोंगरात हंबग व्हॅली म्हणून एक खोरं आहे, मायडू नाव तास्माम कोयोम, २३२५ एकर, बरीच वर्षं वीज कंपनीच्या नावावर होतं. मायडू गटांनी एकत्र येऊन संस्था काढली, बरीच वर्षं पाठपुरावा केला आणि २०१९ साली ते खोरं परत मिळवलं. आता तिथे ते त्यांच्या पद्धतीने कुरण राखतात. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्याच्या वन्यजीव खात्याने तिथे बीव्हरचं (पाण्याकाठी राहणारा मोठा कुरतडणारा प्राणी) एक अख्खं कुटुंब सोडलं, सात जण. कॅलिफोर्नियात सत्तरहून जास्त वर्षांत पहिल्यांदा असे बीव्हर सोडले! बीव्हर ओढ्याला बांध घालतात, पाणी पसरतं, कुरण ओलं राहतं, ओल्या कुरणात वणवा अडतो. प्रोजेक्टचं शेवटचं चित्र हेच काढायला सांगा, "होते" च्या जागी "आहेत" लिहिता येईल.

---

शंकासुर

सात बीव्हरांवर माझं काही म्हणणं नाही 😄 पण ताई, वर्गात पिसांची टोपी घालून पाठवू नका पोरीला. मायडूंचा तो घोळदार पिसांचा मुकुट नव्हेच, तो पूर्वेकडच्या गवताळ मैदानांतल्या घोडेस्वार जमातींचा, आणि घालून मिरवायची वस्तू नाही ती कुठल्याच लोकांची.

---

रोझव्हिलची_आई

नाही नाही, टोपीबिपी काही नाही. ती म्हणतेय एकॉर्नची कणगी करणार, काड्या आणि गवत लावून, आणि शेजारी चिकणमातीचं उखळ. शिवाय वर्गात चाखायला पेज न्यायचीय म्हणे! अंगणातलीच फळं चालतील का? किती दिवस आधी भिजवू?

---

चिकोचा_बाबू

चालतील, पण भोक पडलेली टाकून द्या, आत अळी असते, आणि पाण्यात तरंगतात ती पण टाका. हिरवी नकोत, तपकिरी घ्या. आधी महिनाभर सुकवावी लागतात, त्यामुळे ह्या वर्षीची आत्ता लगेच नाही जमणार. सोलून मिक्सरमध्ये पीठ करा, मोठ्या बरणीत पाणी घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि रोज वरचं पाणी ओतून नवं घाला, आठवडाभर तरी, तोंडात टाकून कडू लागतंय तोवर. वर्गाला द्यायच्या आधी टीचरला विचारा, झाडाच्या फळांची ॲलर्जी असणारी मुलं असतात.

वेळ नसेल तर सॅक्रामेंटोत कोरियन किराणा दुकानात एकॉर्नचं पीठ तयार मिळतं, कडूपणा काढलेलं, ते लोक त्याची वडी करून खातात. ते निव्वळ स्टार्च असतं, कांडलेल्या पिठाची चव नाही येणार, पण पोरांना चमचाभर चाखायला पुरेल. मंद आचेवर ढवळत राहा, गुठळ्या फार पटकन होतात.